आक्कांच्या हातातला चहा

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे एक शिष्या मोटारविद्या शिकायला आली. मोटार चालवायला नव्हे. मोडून पडलेली मोटार पुन्हा उभी करायला.

आचार्य म्हटले की दाढी आणि कमंडलू डोळ्यांपुढे येतो. हे तसे नव्हते. आयुष्यभर तंत्रनिकेतनात शिकवून ते निवृत्त झाले होते आणि हळदीच्या पेठेमागच्या एका रिकाम्या वखारीत जुन्या मोटारींना जीव देत बसत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. शिष्येचे नाव शाल्मली. ती अभियांत्रिकीची पदवी घेऊन आली होती. बुद्धीने तल्लख, पण स्वभावाने अशी भित्री की मागे पाना पडला तरी दचकून हातातले काम खाली टाकी. कॉलेजात मुले तिला म्हणत, "हिला स्कूटीचा प्लग द्या रे पुसायला." ती तेव्हा हसली होती. ते वाक्य मात्र तिच्यात काट्याच्या टोकासारखे मोडून राहिले होते.

एके दिवशी हळदीचे एक मोठे व्यापारी ट्रकवर एक मोटार लादून घेऊन आले. परदेशी बनावटीची, दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, आठ सिलिंडरांची. ज्या देशात ती जन्मली तिथे अशा मोटारी केवळ ताकदीसाठी नावाजलेल्या. इथे मात्र तिच्या सीटवर उंदरांनी संसार थाटला होता.

"आप्पा, वडलांची आठवण हाय," शेटजी म्हणाले. "इंजिन नव्यानं बांधा. काय घालायचं ते घाला, हात आखडू नका. फक्त आमच्या आईला, आक्काला, हिच्यात बसवून नदीपर्यंत एक चक्कर मारून आणायचीय. आईचा जीव अडकलाय हिच्यात, आणि तिच्या तब्येतीचा आता भरवसा राहिला नाही."

शाल्मलीने 'काय घालायचं ते घाला' एवढे ऐकले. त्यापुढचे तिच्या कानांपर्यंत पोचलेच नाही.

भागांची निवड आप्पांनी तिच्यावर सोपवली. ती हरखून गेली. हवेत पेट्रोल मिसळणारा दोन तोंडांचा जुना कार्ब्युरेटर तिला केविलवाणा वाटला. तिने चार तोंडांचा, सर्वांत रुंद घशाचा निवडला. इंजिनाच्या अंगावर बसणारा छोटा पेट्रोल पंप काढून जोरकस विजेचा पंप ठरवला. पेट्रोलची नळीही जाड घेतली. झडपांची उघडमीट करणारा कॅमशाफ्ट तर तिने शर्यतीच्या मोटारीचा पसंत केला. एकेका भागाचे तिने असे काही समर्थन केले की तंत्रनिकेतनात असते तर आप्पांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "छान. आता एक काम कर. शेटजींच्या घरी जा, आक्कांपाशी बस, चहा पी आणि ये."

"कशाला?"

"मोटारीत बसायचंय त्यांना. कशी हवी ते विचारून ये."

शाल्मलीला हे मुळीच रुचले नाही. इंजिनाचा प्रश्न म्हातारीला विचारायचा! तरी ती निघाली. शेटजींचा वाडेवजा बंगला तिने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पाहिला. मोठे फाटक, आत अनोळखी माणसांची वर्दळ. काय म्हणून सांगायचे? कोण म्हणून जायचे? ती घोकत होती, तेवढ्यात फाटकाआडून कुत्रे भुंकले. ती अशी दचकली की तिथूनच मागे वळली. कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळात तिने उसाचा रस घेतला, चहाला लागला असता तेवढा वेळ घालवला आणि परतली.

"जाऊन आलीस?" आप्पांनी विचारले.

"हो."

"काय म्हणाल्या आक्का?"

खोटे बोलायचे तिने ठरवले नव्हते. पण 'कुत्र्याला भ्याले' हे तिच्या जिभेवर येईना आणि दुसरेच काही सरसर आले. "म्हणाल्या, ह्यांच्या वेळी पळायची तश्शी पळू दे. वाऱ्यासारखी."

आप्पांचा पाना पुसणारा हात थबकला. "असं म्हणाल्या?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "मग तुला योग्य वाटेल ते बसव."

आपले वाक्य किती चपखल जमले, याचे शाल्मलीला त्या क्षणी कौतुकच वाटले. लाज मागाहून येते. तिची चाल मंद असते.

काम सुरू झाले. शाल्मली नवे भाग बसवू लागली आणि आप्पांनी एक विचित्र उद्योग आरंभला. तिने काढून टाकलेला प्रत्येक भाग ते उचलत, रॉकेलने धूत, तेलाचा हात फिरवून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळत. कॅमशाफ्टवर टेकणारे टॅपेट तर त्यांनी अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडले आणि प्रत्येक खळग्यावर खडूने त्याचा क्रम घातला.

"आप्पा, अंडी उबवताय की काय?" शाल्मली हसून म्हणाली.

"बघू, काय निघतंय ते," आप्पा म्हणाले. थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुला काही सांगायचंय का, पोरी?"

"नाही. कशाबद्दल?"

"असंच."

हा प्रश्न ते अधूनमधून विचारत. म्हातारपणी माणूस विसरतो, असे समजून ती दर वेळी नाही म्हणे.

इंजिन सुरू झाले त्या सकाळी वखारीचे पत्रे थरथरले. पेठेतले हमाल पोती टाकून धावत आले. शाल्मलीच्या अंगावर रोमांच उभे राहिले. स्कूटीचा प्लग पुसायला सांगणाऱ्या त्या सगळ्यांना कुठूनतरी हे ऐकू जावे, असे तिला वाटले. आप्पा म्हणाले, "आज कुणाला बोलवायचं नाही. आधी तूच हिला बैलगाडीच्या चालीनं अंगणात फिरव, मग बोलू."

पण आवाज पेठभर गेला होता. शेटजींना धीर निघाला नाही. तासाभरात ते आईला रिक्षात बसवून दारात हजर. गडद हिरव्या लुगड्यातली, वाळकी, नीटनेटकी म्हातारी. डावा हात मांडीवर निपचित. शेटजींनी तिला अलगद उतरवले. शाल्मली अदबीने पुढे झाली.

"नमस्कार आक्का. कशा आहात?"

म्हातारीने तिच्याकडे पाहून मान हलवली. उत्तर शेटजींनी दिले. "ती बोलत नाही बरं का. झटका आल्यापासून वाचा गेलीय तिची. गेल्या दिवाळीपासून एक अक्षर नाही. पण कळतंय सगळं हं, आपल्यापेक्षा जास्त कळतंय!"

शाल्मलीच्या पायांखालची जमीन सरकली. आप्पा आता आपल्याकडे बघतील, आत्ता बघतील, म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली. आप्पांनी पाहिलेच नाही. ते वाकले आणि मोटारीचा दिवा पुसू लागले. दिवा स्वच्छ होता. तरी ते पुसत राहिले. ते न पाहणे तिला सोसवेना. कुणी चारचौघांत थोबाडीत दिली असती तर ती सुटली असती.

"आप्पा, आज नको..." ती पुटपुटली. पण शेटजींनी तोवर आक्कांना पुढच्या सीटवर बसवलेही होते. "अहो, वखारीच्या फाटकापर्यंत तरी!" आप्पा क्षणभर घुटमळले. मग स्टिअरिंगच्या चक्राशी बसले. शाल्मली आणि शेटजी मागे.

मोटार निघाली ती गचका देऊन. आप्पांनी पाय हलकेच दाबला तर इंजिन गुदमरले; किंचित अधिक दाबला तर डरकाळी फोडून उसळले. आक्कांचे डोके मागे आपटले. त्यांनी उजव्या हाताने दार गच्च धरले, मग तोच हात उचलून तळवा खाली करून हवेत दाबला. पुन्हा दाबला. पुन्हा. सगळ्या मोटारीत पेट्रोलचा भपकारा सुटला. फाटकाच्या अलीकडेच इंजिन खोकले आणि बंद पडले.

"ही मोटार हाय का उधळलेला रेडा?" शेटजी हसायला गेले. पण आईचे भरलेले डोळे त्यांना दिसले. त्यांनी तिला उतरवले. तिने एकवार मोटारीकडे पाहिले आणि मान नकारार्थी हलवली. सावकाश, ठामपणे.

"आता ती पुन्हा बसायची नाही," शेटजी हळू आवाजात म्हणाले. "तिचं एकदा नाही म्हणजे नाहीच असतंय."

रिक्षा गेली. वखारीत पेट्रोलचा वास तेवढा राहिला.

शाल्मली भिंतीकडे तोंड करून उभी होती. तशीच तिने विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्यांची वाचा गेलीय हे? हो. म्हणून तर तुला पाठवलं होतं, न बोलणाऱ्याचं ऐकायला शिकशील म्हणून."

"मग मी तसं सांगितलं तेव्हाच का नाही..."

आप्पा स्टुलावर बसले. त्यांचा आवाज चढला नाही. "तेव्हाच पकडलं असतं, तर पुढच्या खेपेला तू अधिक चांगलं खोटं बोलली असतीस. मोटारीत घातलेलं काढता येतं, म्हणून तर हे सगळं मी जपून ठेवलं. तुझ्या मनातलं मला काढता येत नाही. ते तुझं तूच काढायचं. मी वाट बघितली. त्या वाट बघण्यात आक्कांना धक्का बसला, तो दोष माझा. तो मी त्यांच्यापाशी जाऊन मान्य करीन. पण तुझ्या वाटणीचं ऐक. कुत्र्याला भ्यालीस, त्यात काही नाही."

ती दचकली. "कुत्र्याचं तुम्हाला..."

"शेटजींच्या त्या फाटकाशी मीसुद्धा भितो. भीती हा दोष नव्हे, पोरी. खोटं बोललीस, तेही माणूस बोलतं. पण जिला बोलता येत नाही, तिच्या तोंडात तू तुझे शब्द घातलेस. आणि तेच या इंजिनाशी केलंस. तेही बोलत नाही. त्याचा घसा केवढा, त्याला पचतं किती, ते कुणाला घेऊन, कुठल्या चालीनं जाणार, हे न विचारता तुझी भूक तू त्याच्या घशात ओतलीस. रुंद नळीतून मंद वारा वाहिला की पेट्रोल वर उचललं जात नाही. म्हणून ते गुदमरलं. पंपानं गरजेहून जोर लावला की कार्ब्युरेटर तुडुंब भरून सांडतो. म्हणून तो वास. यातला एकही भाग वाईट नाही. शर्यतीत तो शोभला असता. इथं शर्यत तुझी होती, मोटार दुसऱ्याची."

शाल्मलीने हात धुतले आणि ती बाहेर पडली.

शेटजींच्या फाटकाशी कुत्रे भुंकलेच. ती तरीही आत गेली. आक्का खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या. तिला पाहताच त्यांनी तोंड फिरवले. शाल्मली खाली फरशीवर बसली.

"आक्का, मी मागे तुमच्याकडे यायला निघाले होते. आले नाही. आणि तुम्ही म्हणालात असं खोटंच सांगितलं. म्हणून मोटार तशी झाली." पाठमोऱ्या माणसाशी बोलणे किती कठीण असते, ते तिला तेव्हा कळले.

आक्का हलल्या नाहीत. बाहेर कुणी हळद पाखडत होते. त्याचा आवाज येत राहिला. घरच्या सुनेने चहाची किटली आणि आक्कांचा पेला पलंगाशी ठेवला, शाल्मलीपुढे फरशीवर भरलेला चहा ठेवला. शाल्मलीला तो उचलण्याचा धीर होईना. जावे की बसावे, हेही तिला उमगेना. ती बसून राहिली.

चहावर साय धरली, तेव्हा आक्का वळल्या. त्यांनी आपल्या पेल्याकडे बोट केले. शाल्मलीने तो किटलीतून भरून दिला. काठोकाठ भरलेला पेला आक्कांनी उजव्या हातात धरला आणि डोळे मिटून तो हवेतून हळूहळू पुढे नेला. किंचित वळवला, जणू रस्त्याला वळण आले. पुन्हा सरळ केला. चहा हिंदकळला, पण थेंब सांडला नाही. मग डोळे उघडून त्यांनी शाल्मलीकडे पाहिले.

दारातून सून म्हणाली, "मामंजी चालवायचे ना मोटार, तेव्हा ह्या वाटेतच चहा प्यायच्या. नदीपर्यंत."

शाल्मली परतली तेव्हा आप्पा दिवाबत्ती करीत होते. त्यांनी पूर्वीचाच प्रश्न विचारला. "काय म्हणाल्या आक्का?"

तिने खाली मान घालून सांगितले, "चहा सांडता कामा नये."

आप्पांनी मान डोलावली आणि अंड्यांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला.

उलट्या क्रमाने काम सुरू झाले. जुना कॅमशाफ्ट परत बसला. प्रत्येक टॅपेट खडूचा क्रम पाहून इंजिनातल्या त्याच्या मूळच्याच घरात बसवायचा होता. वर्षानुवर्षे ज्याच्याशी घासून तो झिजला, त्याच्याशीच त्याचे जमते. छोटा पंप आला, दोन तोंडांचा कार्ब्युरेटर आला. फक्त पेट्रोलची नळी तिने नवी घातली, तीही मूळच्याच मापाची. या वेळी इंजिन सुरू झाले तेव्हा हमाल धावत आले नाहीत. बोलणारी माणसे बोलत राहिली, इतका त्याचा आवाज सौम्य होता.

आक्का बसायला तयार झाल्या, तेही शाल्मलीने भरलेला पेला हाती दिल्यावर. चक्राशी शाल्मली होती. आप्पा मागे बसले. निघण्यापूर्वी ते आक्कांना एवढेच म्हणाले, "त्या दिवशी मी थांबायला हवं होतं, चुकलो." मोटार हळदीच्या पेठेतून सायकलच्या चालीने नदीकडे निघाली. आक्का खिडकीतून दुकाने, माणसे, वडाचा पार बघत होत्या आणि मधूनच एक घोट घेत होत्या. शाल्मलीला त्यांच्याकडे पाहण्याचे धाडस झाले नाही. ती रस्ता बघत राहिली आणि कान त्या पेल्याकडे लावून राहिली.

घाटाशी मोटार थांबली. आक्कांनी पेल्यात उरलेला चहा पाहिला, आणि पेला तिच्यापुढे धरला. त्या दिवशी फरशीवर निवून गेलेला चहा तिने प्यायला नव्हता, हे त्यांच्या लक्षात होते.

शाल्मलीने दोन्ही हातांनी पेला घेतला. तिची मान अजून वर झाली नव्हती. पण चहा तिने सगळा प्यायला, आणि थेंबही सांडू दिला नाही.