करंजाच्या शेंड्यावरचं गवत

एका गावाला अजून नावसुद्धा नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी बारा बिऱ्हाडं नुकतीच उतरली होती. पाणी आणायला गेलेल्या सगुणीला करंजाच्या शेंड्याशी वाळलं गवत गुंतलेलं दिसलं. दोन पुरुष उंचीवर! ती दचकली.

सगुणी तशी कशालाही दचकायची. दोरी दिसली तरी "साप, साप!" म्हणून हाका मारायची. सुरुवातीला लोक धावून यायचे. मग येईनासे झाले.

"येसूबाबा, गवत एवढ्या वर कसं गेलं असेल हो?" तिने म्होरक्याला विचारलं.

"पाखरांनी नेलं असेल, दुसरं काय!"

"आज गवताला भ्यायली," भागाकाकू हसली. "उद्या भाकरीला भिशील गं!"

पण सगुणीचं मन काही स्वस्थ बसेना. पाखरांनी नेलं, तर घरटं कुठंय? तिने दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळीकडे गवत एकाच उंचीवर, आणि काड्यांची तोंडं नदी वाहते त्याच दिशेला.

शेत काळ्या मातीत करावं, घर पांढऱ्या मातीत बांधावं, असं जुनी माणसं सांगत. पांढरी माती होती टेकाडावर. पण तिथवर घागरी कोण वाहणार? म्हणून घरं खाली काळ्या मातीतच आखली होती. पहिली मेढ, म्हणजे घराचा मधला खांब, आजच रोवायची होती. आणि रोवलेली मेढ पुन्हा उपटायची नाही, अशी रीत.

येसूबाबांनी मेढीला हळदकुंकू लावलं. इकडे सगुणी पदर खोचून करंजावर चढली. गवतात हात घातला, तर काहीतरी टणक लागलं. ओढून पाहिलं. पाळण्याचा मोडका पाय होता. खाचेत लाल रंग अजून शिल्लक होता.

पाखरं पाळणे नेत नाहीत.

"येसूबाबा! इथं आधीही गाव होतं!"

कुणी मान वर केली नाही. "झाली हिची सुरुवात," भागाकाकू म्हणाली.

"येसूबाबा, नदी त्यांच्या घरांवरून गेली हो!"

मेढ खड्ड्याच्या तोंडाशी आली. सगुणीने पाळण्याचा पाय उंच धरला आणि नुसतीच हाक मारली, "बाबाऽऽ!"

येसूबाबांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं. मग मेढ हळूच जमिनीवर आडवी ठेवली आणि म्हणाले,

"ओ!"

तात्पर्य: दचकणाऱ्याच्या दहा हाका फुकट गेल्या, तरी अकरावीला ओ द्यावी; जो दचकतो, त्यालाच पुष्कळदा आधी दिसतं.