विलासिनीची हमी

“नौका एक आणि तोंडं पन्नास!” महाराज रत्नाकरराजे कारभाऱ्यांवर कडाडले.

विलासिनी ही महाराजांची सहलीची नौका. नवी आली तेव्हा ती पाण्यावर मोरासारखी डुलत होती, आणि तिला पाहून महाराजही. पण नौका म्हणजे काही पलंग नव्हे, की एकदा घेतला आणि झालं. तळाला किडा लागू नये म्हणून तिला माशाचं तेल पाजावं लागे. फळ्यांच्या फटी कापूस आणि राळेने बुजवाव्या लागत. शीड फाटे, दोर कुजत, खलाशी पगार मागत आणि पावसाळ्यात तिला किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारावं लागे. कोळीवाड्यात तिला विलासिनी कुणी म्हणत नसे. सगळे खादाडच म्हणत.

त्यात बंदरावरच्या विमेवाल्या शेठजींनी मिठाचा खडा टाकला होता. नौका बुडाली तर भरपाई देऊ, पण दरसाल हप्ता पडेल, असा त्यांचा निरोप होता. सुकाणू महाराज स्वतः धरणार असतील तर हप्ता तिप्पट! पैशापेक्षा हे शेवटचं वाक्य महाराजांना जास्त झोंबलं. न बुडालेल्या नौकेचे पैसे द्यायला आपण खुळे नाही, असं सांगून त्यांनी हरजी तांडेलाला बोलावणं पाठवलं.

हरजी खाडीतला जुना जाणता नावाडी. तो येऊन उभा राहताच महाराज म्हणाले, “आजपासून विलासिनीचा खर्च तुझा आणि हमीही तुझी. तिला ओरखडा जरी आला, तरी तुझी मासेमारीची होडी सरकारजमा.”

त्या होडीवर हरजीचं घर चाले. होडी गेली की चूल गेली. पण महाराजांना नाही कोण म्हणणार? तेवढ्यात त्याच्यामागून त्याची मुलगी पुढे झाली. ही चांगुणा. मुदपाकखान्यात मासळीची पाटी पोचवायला ती आली होती.

“हमी घेतली, महाराज,” ती म्हणाली. “पण खाडीच्या रीतीने. हमीचा नारळ तुमच्या हाताने द्या.”

खाडीत रीत अशी होती, की दुसऱ्याच्या होडीची हमी घेणाऱ्याला मालकाने नारळ द्यायचा. तो नारळ होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला बांधला, की मालक परत घेईपर्यंत हमीदाराचा शब्द शेवटचा. कारभारी दोनदा खाकरले. महाराजांनी लक्ष दिलं नाही. नारळ दिला की तांडेल पुरता बांधला जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी धक्क्यावर चारचौघांसमोर मोठ्या थाटात नारळ चांगुणाच्या हाती दिला.

घरी जाताना हरजी म्हणाला, “पोरी, माझ्या गळ्यात धोंडा बांधलास.”

“धोंडा नाही, आबा. नारळ आहे. तो बुडत नाही.”

दुसऱ्या दिवशी महाराज बारा मानकरी आणि पेटलेला हुक्का घेऊन सहलीला आले. चांगुणा नाळेवर नारळाशेजारी बसली होती. हुक्क्यातली एक ठिणगी शिडावर उडाली तर काय, असं तिने नम्रपणे विचारलं. नारळ तिच्याकडे होता. सहल राहिली.

पुढच्या दिवशी हुक्का नव्हता, पण राणीसाहेबांचे बंधू होते. चांगुणाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बंधुराज ज्या बाजूला बसतील ती बाजू पाण्याखाली जाईल, हे तिला सांगावंही लागलं नाही. त्यानंतर महाराज एकटेच आले, तर ओहोटी लागलेली आणि मधले खडक उघडे पडलेले.

मग एके सकाळी भरती आली, बेताचा वारा सुटला, आभाळ निवळलं. हुक्का नाही, मेहुणे नाहीत. महाराजांनी ऐटीत पाऊल पुढे टाकलं. “आता काय राहिलं?”

“सुकाणू कोण धरणार?”

“मी!”

“मग नाही.”

धक्क्यावर कुणीतरी फिसकन हसलं. कारभारी घाईघाईने समुद्राकडे पाहू लागले. महाराज लालबुंद झाले.

“नौका कुणाची गं?”

“तुमची, महाराज.”

“मग मला नको म्हणणारी तू कोण?”

“ती बुडाली तर रडणारी,” चांगुणा म्हणाली. “किडा तेलाने मरतो, खडक टाळता येतो, वादळही ओसरतं. मालकाच्या हौसेला मात्र औषध नाही. शेठजींनी त्याचे तिप्पट मागितले. आम्हाला तर एकपटही नाही. खुशाल बसा, हवी तशी फिरवा, पण आधी नारळ परत घ्या. बुडीत ज्याची, सुकाणू त्याचं.”

महाराजांनी नारळाकडे पाहिलं. सुकाणूकडे पाहिलं. आणि त्यांना असं हसू फुटलं, की पागोटं सावरावं लागलं. नारळ त्यांनी स्वतः सोडून घेतला. खर्च खजिन्यातून होईल, शेठजींना हप्ता जाईल आणि हरजीच्या होडीकडे कुणी डोळा वर करून पाहणार नाही, असा तिथल्या तिथे हुकूम झाला.

“आणि पोरी,” महाराज भरात येऊन म्हणाले, “तुझ्या अकलेवर आम्ही खूश आहोत. ही विलासिनीच तुला बक्षीस!”

चांगुणाने दोन्ही हात जोडले.

“महाराज, एवढा राग आला असेल तर चार फटके द्या. पण नौका देऊ नका.”

यावर कारभाऱ्यांनासुद्धा हसू आवरेना. महाराजांच्या डोळ्यांतून तर पाणी वाहू लागलं. त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्यापुढे धरलं. चांगुणाने ते उलटसुलट करून पाहिलं, याला काही तेलपाणी लागत नाही ना, एवढं विचारून घेतलं आणि मगच हातात घातलं.