सिंहाची एकसारखी आयाळ

नदीकाठच्या एका दाट जंगलात एक सिंह आपली सिंहीण आणि दोन छावे यांच्यासह राहत असे. त्याची आयाळ भरघोस होती. पण मानेच्या डाव्या अंगाला, एका जुन्या जखमेच्या वणावर, केस आखूड नि वाकडेतिकडे उगवत. सिंहिणीला नेमकी तीच बाजू आवडे. ती म्हणे, "गवतातून ते विस्कटलेले केस दिसले, की तुम्ही आलात हे मला लांबूनच कळतं." छावेही तिथेच तोंड खुपसून झोपी जात.

एके सकाळी पलीकडच्या तीरावर एक तरुण सिंह पाणी प्यायला आला. त्याची आयाळ कशी, जणू कोणी विंचरून बसवलेली! आपल्या सिंहाने त्याच्याकडे पाहिले, मग पाण्यात स्वतःकडे पाहिले, आणि त्याचे मन खट्टू झाले. सारे जंगल आपल्याला मनातून हसत असणार, असे त्याला वाटू लागले. त्याने झाडावरच्या एका माकडाला बोलावून फर्मावले, "माझी आयाळ दोन्ही बाजूंनी सारखी कर."

माकड चाचरत म्हणाले, "महाराज, डावीकडचे केस मला वाढवता येत नाहीत. उजवीकडचे तोडावे लागतील."

"मग तोड."

सिंहीण म्हणाली, "अहो, राहू द्या. आयाळ गळा राखायला असते."

"तुला त्यातलं काय कळतं?" असे म्हणून सिंहाने मान पुढे केली.

माकडाने उजवी बाजू दातांनी कुरतडली. ती जरा जास्तच आखूड झाली, म्हणून डावी कुरतडली. मग पुन्हा उजवी. उन्हे कलली तेव्हा आयाळ खरोखरच एकसारखी झाली होती, कारण ती फारशी उरलीच नव्हती. छावे जवळ आले, त्यांनी बापाला हुंगले आणि ते आईच्या पोटाखाली शिरले. सिंहाला तेव्हा चूक उमगली, पण तोडलेले केस काही परत चिकटत नाहीत.

तरुण सिंह हे सारे पलीकडून पाहत होता. त्या भरघोस आयाळीच्या धाकाने आजवर त्याने नदी ओलांडली नव्हती. आता तो सरळ पाण्यात उतरला. झुंज फार वेळ चाललीच नाही. पूर्वी शत्रूचे दात केसांतच अडकत; या वेळी ते पहिल्याच झेपेत गळ्यात रुतले. "पोरांना घेऊन जा," एवढेच सिंह कसेबसे बोलला.

सिंहीण छाव्यांना घेऊन उजाड डोंगरावर पळाली. तिथे ना सावली होती, ना शिकार. उन्हाळा सरला तेव्हा तिच्यामागून एकच छावा चालत होता.

तात्पर्य : ज्या लहानशा उणिवेला आपली माणसे जीव लावतात, ती परक्यांच्या नजरेसाठी पुसायला जाऊ नये; तिच्याबरोबर आपले बळही जाते आणि त्याची किंमत आपल्या माणसांना मोजावी लागते.