रोमक देशाचा मद्यकुंभ

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या दरबारात रोमक देशाहून जहाजाने आलेला एक मद्यकुंभ होता. काळाभोर, चकचकीत, अंगावर तांबड्या रंगात नाचणारी माणसे चितारलेली. कुणा जादूगाराने तो राजाला भेट दिला होता. त्यातले द्राक्षासव कधी आटत नसे.

एकदा कुंभाचा कान निखळला. तो जोडायला लोपा कुंभारणीला बोलावणे आले. तिचा नवरा भद्रक महिन्यापूर्वी राजवाड्यात पणत्या पोचवायला गेला होता, तो परतलाच नव्हता.

लोपाने कुंभ फिरवला. नाचणाऱ्यांच्या रांगेत भद्रक होता! तोच अर्धा तुटका दात, तोच कपाळावरचा वण.

"महाराज, हे माझे धनी!"

"चित्र आहे, बाई." राजाने आसवाचा घोट घेतला, चित्राकडे पाहून तो खदखदा हसला, आणि सिंहासन रिकामे झाले. चषक खणखणत पायऱ्यांवरून घरंगळला. कुंभावर एक माणूस वाढला होता. त्याच्या डोक्यावर मुकुट होता.

दरबारी कुंभाभोवती धावले. तेव्हा कुंभाच्या गळ्यावर चितारलेले घुबड बोलले, "हे आसव पिऊन जो चित्रांना हसेल, तो चित्र होईल. हाच शाप."

"उतारा सांग, पक्षिराजा," लोपा हात जोडून म्हणाली.

"आसव मातीत ओत, तिथेच ते आटेल. सात विहिरींच्या पाण्याने कुंभ धू. मग तो पुन्हा आव्यात, तुझ्या भट्टीत भाज. तडा गेला, तर आतले कुणीही वाचणार नाही."

पहाटे ओतायला घेतलेले आसव सूर्य माथ्यावर आला तेव्हा कुठे संपले. सात विहिरींचे पाणी लोपाने स्वतः डोक्यावरून आणले. मग निखळलेला कान मातीने जोडून तिने कुंभ आव्यात ठेवला आणि आवा पेटवायला घेतला.

"महाराज जळतील!" प्रधान ओरडले.

"माझाही माणूस आत आहे, प्रधानजी. बाजूला व्हा."

ज्वाळांतून किंकाळ्या येऊ लागल्या. लोपा आगीच्या रंगावरची नजर हलवेना. रंग पिवळा पडू लागताच, आच वाढून तडा जाऊ नये म्हणून, तिने जळण उपसून फेकले.

कुंभ अखंड होता, पण त्यावर एकही चित्र उरले नव्हते. राखेतून माणसे उठू लागली. भद्रक आला, राजा आला, आणि सर्वांत शेवटी एक जख्ख म्हातारा. त्याची भाषा कुणालाच कळेना. त्याने कोऱ्या कुंभावरून बोटे फिरवली आणि तो हमसून रडू लागला. तिच्यासारखीच मातीने झिजलेली ती बोटे पाहताच लोपा चरकली. हा कुंभ घडवणारा कुंभारच होता तो! जादूगाराने पहिला बळी त्याचाच घेतला होता.

राजाने लोपाच्या पायांशी मुकुट ठेवला, द्राक्षासव दरबारातून हद्दपार केले आणि राज्यकारभार पुन्हा सुरळीत झाला. म्हातारा लोपाच्या घरी राहिला. त्याने पुढे शेकडो भांडी रंगवली. त्यांवर वेली होत्या, मासे होते, हरणे होती. माणूस मात्र त्याने पुन्हा कधीच काढला नाही.