गुरवाने उचललेला बेलभंडार

एका गावात एक गुरव होता आणि एक वैद्य होता. गुरव खंडोबाच्या देवळातली पूजा करायचा. वैद्य देवळाची पायरी कधी चढायचा नाही, कारण देव आहे हेच त्याला पटत नव्हतं. तरी रोज संध्याकाळी दोघं पारावर बसून कडाक्याचा वाद घालायचे आणि एकाच ताटलीतले शेंगदाणे खायचे. गावाला याचं फार नवल वाटे.

त्यांच्या वादाचा एक नियम होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं सांगायचं. तो "हो, असंच" म्हणाला, तरच ते खोडायचं. यातच इतका वेळ जाई, की खोडायचं पुष्कळदा राहून जाई.

एका उन्हाळ्यात सकाळी सकाळी गावच्या तळ्याचा बांध फुटला आणि निम्मं पाणी वाहून गेलं. बांधाखाली एका विधवेचा भाजीचा वाफा होता. बिचारी शेळ्या राखून पोट भरायची. "हिनंच पाण्यासाठी बांध कोरला," असं कोणीतरी म्हणालं आणि मग सगळेच म्हणू लागले. रागावलेल्या माणसांना कोणीतरी हवंच असतं. पंचांनी ठरवलं, बाईनं लेकीला घेऊन गाव सोडावं.

"मी बांधाकडं गेलेच नाही हो! पोरीला ताप होता. काल दुपारपासून वैद्यबुवांच्या ओसरीवरच होते मी," बाई रडत म्हणाली.

"खरं आहे. ती तिथून हललीच नाही," वैद्य म्हणाला.

"मग उचला बेलभंडार," पाटील म्हणाला. देवळातला बेल आणि भंडारा हातात घेऊन जे सांगितलं ते खरं मानायचं, अशी गावची रीत होती.

बाई आशेनं वैद्याकडे बघत होती. चिमूटभर हळद उचलायची, की सुटली बाई! पण त्याचा हात काही पुढे होईना.

"मी उचलणार नाही," तो म्हणाला. "पण बोललो ते खरं आहे."

एकच गलका झाला. "ज्याला देवाचं भय नाही, त्याच्या शब्दाचा भरवसा काय?" बाईनं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

तेव्हा गुरव उठला.

"थांबा. त्यांचं म्हणणं मी सांगतो. वैद्यबुवांना वाटतं, दुसऱ्याच्या दुःखाला धावून जायला आपण माणूस आहोत एवढं पुरे. खोट्यानं कुणाचं तरी घर मोडतं, म्हणून ते खरं बोलतात. मनात नसताना भंडारा उचलायचा, म्हणजे तुमच्यापुढे श्रद्धेचं सोंग करायचं. तो तुम्हाला पवित्र आहे, म्हणूनच ते त्याला उगाच हात लावत नाहीत. बरोबर ना, वैद्यबुवा?"

वैद्याचे डोळे भरून आले. "हो, असंच," तो म्हणाला.

"मला हे पटत नाही," गुरव लोकांकडे वळून म्हणाला. "माझा देव सगळं बघतो. पण इतकी वर्षं आम्ही भांडतोय, मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा हा माणूस कधी 'देव आहे' असं म्हणाला नाही. तो आज खोटं बोलेल?"

आणि त्यानं स्वतः बेलभंडार उचलला. "वैद्यबुवांचा शब्द खरा आहे. खोटा निघाला, तर खंडोबा मला बघून घेईल."

मग पंचांनी निकाल मागे घेतला. पुढे बांध दुरुस्त करताना त्यात घुशींची आरपार बिळं सापडली, तेव्हा पाटलानं बाईच्या दारी जाऊन हात जोडले.

बेलभंडार उचलला त्याच संध्याकाळी पारावर वैद्यानं विचारलं होतं, "माझ्या शब्दावर एवढी मोठी शपथ घेतलीत. भीती नाही वाटली?"

"वाटली की! देवाची भीती मला आहे, तुम्हाला कुठं आहे?"

वैद्य हसला. "तुमची श्रद्धा केवढी मोठी आहे, ते मला कळलं. देव मात्र अजून पटला नाही हं."

"माहीत आहे," गुरव म्हणाला आणि त्यानं शेंगदाण्यांची ताटली पुढे सरकवली.

तात्पर्य: दुसऱ्याचं मत पटलं नाही तरी चालेल, पण ते त्याच्याइतकं नीट सांगता आलं पाहिजे. तेवढं ऐकून घेतलं, की माणूस कळतो.