बाहेरची चावी

हातातल्या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यावी लागे, त्या काळची ही गोष्ट. शाळेत गाणं शिकवणाऱ्या कुमुदिनीबाईंनी जुन्या बाजारातून एक घड्याळ स्वस्तात घेतलं. त्याच्या तबकडीवर डाग होते आणि चावी तर नव्हतीच.

"डाग असू देत, चाललं म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. घड्याळजी युसुफभाईंनी दुसऱ्याच एका घड्याळाची चावी त्याला बसवली.

आत कुरबुर सुरू झाली. "ही आपल्यातली नाही," काटे म्हणाले. "हिच्या सांगण्यावरून आम्ही फिरणार नाही." चक्रं अडून बसली. घड्याळाला चालवणाऱ्या स्प्रिंगनं, कमानीनंही अंग आखडून घेतलं.

युसुफभाईंनी चावी फिरवून पाहिली. घड्याळ हलेना. "बाई, हे चालायचं नाही. मोडून टाकू, याचे भाग दुसऱ्या घड्याळांना होतील." त्यांनी चिमटा उचलला.

आत सगळ्यांची बोबडी वळली. तेव्हा डागाळलेली तबकडी पहिल्यांदाच बोलली. "कमानताई, तू आलीस तेव्हा चक्रं तुझ्याशी आठवडाभर बोलत नव्हती. चक्रांनो, तुम्ही आलात तेव्हा काटे रुसले होते. आणि काट्यांनो, तुमच्या आधीचे काटे मला आठवतात. जन्मापासून इथे आहे ती मी एकटीच."

कमानीनं हळूच अंग सैल सोडलं.

युसुफभाईंनी घड्याळ कानाशी नेलं. "चाललं की हो, बाई."

पुढच्या महिन्यात बाईंनी घड्याळाला नवा पट्टा लावला.

"हा कोण आलाय बाहेरचा?" सगळ्यांच्या आधी चावीच म्हणाली.