एका नावाची पुकार

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं मला? जो डोळ्यांनी पाहून सांगतो त्याच्यावर, की जो बोटांनी चाचपून सांगतो त्याच्यावर?

मी कापडवाला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. एकदा एक नव्वदीची म्हातारी दुकानात आली. डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी दिलेलं पातळ तिने चिमटीत धरलं आणि सहा गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "शेठ, या शुद्ध सुतात नायलॉन किती घातलंय?"

तेव्हापासून मी डोळ्यांना भीत नाही. बोटांना भितो.

आमच्या देवळाचे, म्हणजे चर्चचे, पाळकबुवा शद्रक वाघचौरे, त्यांचेही डोळे काचबिंदूने गेले. चाळीस वर्षं त्यांनी आमची मंडळी सांभाळली. आता त्यांची पत्रं, सूचना, मंडळीची वही, सगळं अमोस उजागरे वाचतो आणि लिहितो. अमोस त्यांचा लाडका शिष्य. जूनमध्येच बायबल शाळेतून शिकून आला. तोंडात शास्त्र, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

तर गोष्ट ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारची. रविवारी प्रभुभोजन होतं, दर महिन्याला येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात ते.

दुपारी फिबी दुकानात आली. फिबी घाटविसावे, चोवीस वर्षांची. बाप नाही, आई दवाखान्यात झाडलोट करते. ती माझ्याच दुकानात बसून साड्यांना फॉल लावते. दोन आठवडे कामावर आली नव्हती. आली ती पिशवीतून एक पांढरी साडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"शेठ, ही परत घ्या. फॉल उसवलाय मी. एकदाही अंगाला लावलेली नाही."

साडी मी लगेच ओळखली. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. ही साडी ईस्टरच्या आधी गेर्शोम उजागरेने निवडली होती. अमोसचा धाकटा भाऊ. "फॉल फिबीकडूनच लावून घ्या, शेठ," म्हणाला होता आणि हसला होता. मीही हसलो होतो.

"काय झालं, पोरी?"

"पाचवा महिना लागलाय." खाली बघत म्हणाली. "उद्या देवळात माझं नाव वाचणार आहेत. अमोसदादा घरी सांगून गेले."

आमच्या मंडळीची रीत अशी, की कोणी उघड पापात सापडलं की त्याचं नाव भक्तीच्या वेळी वाचून दाखवतात आणि वहीत लिहितात. सहा महिने प्रभुभोजन नाही. बसायचं दारापाशी, शेवटच्या बाकावर.

"आणि गेर्शोमचं नाव?"

तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

मला उत्तर ठाऊक होतं. गेर्शोमचं लग्न श्रीरामपूरच्या मुलीशी ठरलं होतं; आमच्यात लग्नाआधी दोघांची नावं देवळात पुकारतात, तेवढंच बाकी होतं. लग्नाच्या पस्तीस साड्यांची यादी उजागऱ्यांनी कालच माझ्या हातात दिली होती. ती अजून माझ्या खिशात होती.

मी साडी उचलली, दुकानाच्या दाराचं एक फळकुट ओढून घेतलं आणि फिबीला घेऊन पाळकबुवांच्या घरी गेलो.

ओसरीवर बुवा खुर्चीत बसले होते. अमोस उद्याचा कागद वाचून दाखवत होता.

"सूचना पहिली. फिबी घाटविसावे हिच्याकडून जारकर्माचं पाप घडल्यामुळे तिला सहा महिने प्रभुभोजनातून वगळण्यात येत आहे. सूचना दुसरी. रविवारची शाळा साडेआठला भरेल. सूचना तिसरी. लग्नाची पहिली पुकार. गेर्शोम शमुवेल उजागरे आणि..."

आम्हाला पाहून तो थांबला.

"कोण आलंय?" बुवांनी विचारलं.

"मी बर्णबा. सोबत फिबी आहे."

"बुवा, मंडळीचं काम चाललंय," अमोस म्हणाला. "शेठ जरा बाहेर थांबले तर..."

"शेठ मंडळीतलेच आहेत. कापड विकतात म्हणून परके झाले का? बसा, शेठ. पोरी, तूही बस."

फिबी उभीच राहिली.

"अमोसने वाचलं ते खरं आहे?"

"हो, बुवा."

"चुकलीस."

"चुकले. माझं नाव लिहा, मी नको म्हणत नाही. पण मी एकटी नव्हते."

"तो कोण, हे ही सांगत नाही, बुवा," अमोस घाईने म्हणाला. "मी तुम्हाला बोललो होतो."

फिबीने पहिल्यांदाच मान वर केली.

"जुलैमध्ये सांगितलं की, अमोसदादा! तुमच्याच ओट्यावर उभी राहून सांगितलं. तुमच्या आईने मला पाणीसुद्धा विचारलं नाही."

...

बुवांचा चेहरा अमोसकडे वळला. वळूनच राहिला.

"पुरावा काय?" अमोस म्हणाला. "एकीच्या सांगण्यावर कोणाला दोषी धरू नये, दोन साक्षीदार हवेत, असं शास्त्रच सांगतं. तुम्हीच शिकवलंत, बुवा."

"बरोबर. दोन हवेत."

"एक साडी आणलीय, बुवा," मी म्हणालो. त्यांनी हात पुढे केला. मी त्यात साडी ठेवली.

त्यांची बोटं काठावरून चालू लागली. सावकाश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"पांढरी आहे?"

"पांढरी."

"इथे टाके होते. बारीक, हाताने घातलेले. मन लावून घातलेले." बोटं थांबली. "आता नुसती भोकं आहेत... शेठ, ही साडी कोणी नेली होती?"

खोटं कशाला बोलू? खिशातली ती यादी मला त्या क्षणी विटेसारखी जड लागली. उजागऱ्यांचं घर म्हणजे माझं तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक.

"शेठ, विचार करून बोला," अमोस म्हणाला.

"लग्न दुसरीकडे ठरलं तेव्हा विचार करूनच गप्प बसलो, अमोस." मी म्हणालो. "गेर्शोमने नेली, बुवा. ईस्टरच्या आधी. फॉल हिच्याकडूनच लावा म्हणाला."

"तेव्हाच का बोलला नाहीत?"

"गिऱ्हाईक होतं."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. दिसत नसलेल्या डोळ्यांनी पाहिलं. देखत्या माणसाने मला असं कधी पाहिलेलं नाही.

मग ते शांतपणे म्हणाले, "अमोस, उद्याचा उपदेश कशावर आहे?"

अमोसला धीर आला. "देहाच्या पावित्र्यावर, बुवा. आपल्या तरुण पोरांना सांगायलाच हवं. लग्नाबाहेरचा संबंध म्हणजे खेळ नाही. त्यात दोन माणसं एकदेह होतात. देवाने ते लग्नासाठी राखून ठेवलंय. ते मोडलं की परिणाम भोगावेच लागतात."

"चांगला आहे. एक अक्षर खोटं नाही त्यात."

"तुमचीच शिकवण."

"दोन माणसं एकदेह होतात?"

"हो, बुवा."

"मग उद्या मागच्या बाकावर अर्धाच देह कसा बसवतोस?"

...

अमोस हातातला कागद उगाच सरळ करत राहिला.

"पोरगं आहे, बुवा. पाय घसरला त्याचा. उद्या पुकार नाही झाली तर लग्न मोडेल. जन्माचं नुकसान होईल."

बुवांनी टेबलावर थाड्कन हात मारला. तांब्या उडाला, पाणी सांडलं. चाळीस वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"त्याचा पाय घसरला आणि हिने जारकर्म केलं? त्याचं जन्माचं नुकसान होतं आणि हिचं काय होतं रे? पाप दोघांचं, परिणाम हिचे एकटीचे! ही वाटणी कोणत्या शाळेत शिकलास?"

"बुवा..."

"श्रीरामपूरच्या मुलीला हे माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे दोन मुलींना फसवलंस. अजून पाळक झाला नाहीस तोवर!"

फिबी भिंतीला टेकून उभी होती. तोंडात पदर.

"पुकारीचा शेवट वाच," बुवा म्हणाले.

"कोणाची हरकत असल्यास..." अमोसने कागद खाली घेतला.

"पुढे."

"...मंडळीसमोर सांगावी."

"आणि जिची हरकत आहे तिचं तोंड काळं करून तिला आधीच दारापाशी बसवायचं. पहिली सूचना आणि तिसरी सूचना. मध्ये रविवारची शाळा. हुशार आहेस... लग्नाची पुकार कधी एका नावाने केलीस का?"

"नाही, बुवा."

"मग पापाची कशी करतोस?"

सांडलेलं पाणी टेबलावरून थेंब थेंब खाली पडत होतं.

अमोसने वही ओढली. लाल कापडाच्या बांधणीची, जाडजूड. त्याने पेन उघडलं. एक ओळ लिहिली. कागदावरची तिसरी सूचनाही खोडली.

"लिहिलं, बुवा. गेर्शोमचं नाव." मग मान ताठ करून म्हणाला, "सख्ख्या भावाचं नाव लिहिलंय मी."

"झालं?"

"झालं."

"ऑगस्टच्या प्रभुभोजनाला गेर्शोम होता?"

"होता."

"सप्टेंबरच्या?"

"...होता."

"बाकांवरून पेल्यांची ताटली कोण फिरवतं?"

अमोसने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"मी."

"त्याच्यापुढे धरलीस?"

"धरली."

"माहीत असून?"

...

बुवांनी काठी चाचपली आणि उठले. साडीची नीट घडी केली, माझ्या हातात दिली.

"चला, शेठ. पोरी, चल. आपण अंगणात बसू. याला लिहू दे."

"बुवा," फिबीने हळूच विचारलं, "मी उद्या कुठे बसू?"

"मागच्या बाकावर. चूक ती चूक." ते दोन पावलं चालले. "पण जरा सरकून बस. तिथे जागा लागणार आहे."

"मी पण बसू, बुवा?" मी विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगायला हवं का, शेठ?"

आम्ही पायऱ्या उतरलो. मागून अमोस वही घेऊन पायऱ्यांपर्यंत धावत आला. इस्त्रीच्या शर्टाला घाम फुटला होता.

"बुवा, लिहिल्यावर तुम्हाला वाचून दाखवू?"

"नको."

"शेठना वाचायला सांगू?"

"नको."

"मग मी काय लिहिलं ते तुम्हाला कळणार कसं?"

बुवांनी पायरीचा कठडा हाताने शोधला. त्याला धरून क्षणभर उभे राहिले.

"मला नाही कळणार, बाळा... म्हणून तर सांगतो. वही खरी लिही."